मुडबीच्या अक्कांची दोन बेसिनं

तेहतीस वर्षं मी लोकांच्या न्हाणीघरात डोकावलो आणि त्यासाठी मला कुणी कधी मारलं नाही. उलट चहा पाजला. भालकीत बसस्टँडच्या मागच्या रस्त्याला माझं सॅनिटरीचं दुकान. दुकान अजून आहे, पण गेल्या वर्षी माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि पुतण्या तिथं बसायला लागला. मी आता घरी असतो. कुणाच्या घरी नवीन नळ बघितला की हात आपोआप पुढं जातो, उघडून बघतो, बंद करून बघतो. बायको म्हणते, पाहुण्यांच्या घरी तरी गप बसा.

बाहेरच्या माणसाला वाटतं, नळ आणि पाइप, त्यात सांगण्यासारखं काय. पण घरात माणूस पुरता एकटा कुठं असतो, तर न्हाणीघरात. तिथं काय हवं हे सांगता सांगता तो बरंच काही बोलून जातो. मी निम्मं ऐकायचो, निम्मं टेपनं मोजायचो.

मी दुकान लावलं तेव्हा बेसिन म्हणजे भिंतीतून बाहेर आलेलं चिनी मातीचं पांढरं भांडं. खाली पाइप लोंबतोय, वर नखाएवढा आरसा. पुढं लोक हैदराबादला, पुण्याला पोराबाळांकडं जाऊन आले आणि बेसिनखाली कपाट बघून आले. वर दगडी पट्टी, त्यात बेसिन, खाली दारं नाहीतर कप्पे, वर मोठा आरसा. या सगळ्याला मिळून व्हॅनिटी म्हणतात. आमच्याकडं कुणी 'कपाटवालं बेसिन' म्हणतं, आणि औरादकडचा एक शेतकरी 'ती व्हॅन दाखवा' म्हणाला होता. मी दाखवली.

दुकानात सगळ्या व्हॅनिट्या सारख्याच चकचकीत दिसतात. खरा माल आत असतो. हे मला शिकवलं चिटगुप्प्याच्या एका कारकुनानं. त्याला मी एक देखणं कपाट दिलं होतं, चकाकणारा पांढरा रंग, आत भुशाचा दाबलेला बोर्ड. मला माहीत होतं की भुसा पाणी पितो. पण गिऱ्हाइकाला रंग आवडला होता आणि मी तोंड उघडलं नाही. एक पावसाळा गेला. एके दिवशी हा माणूस मोटारसायकलवर मागं काहीतरी चादरीत गुंडाळून आला. चादर सोडली, तर त्या कपाटाचं दार. खालची कड पावासारखी फुगलेली, रंगाचे पोपडे निघालेले. मला वाटलं, आता हा आवाज चढवणार. तो शांतपणे म्हणाला, "अण्णा, तुम्ही दिलाव म्हणून घेतलं. कसं झालंय ते तुम्हाला दिसावं म्हणून आणलो." दार माझ्या टेबलाला टेकवून ठेवलं आणि गेला. मी दुसऱ्या दिवशी बदलून दिलं, पण तो पुन्हा दुकानात आला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी टेबलावर पाण्याचं एक घमेलं ठेवलं. त्यात भुशाच्या बोर्डाचा एक तुकडा, प्लायवूडचा एक, पीव्हीसीचा एक, असे बुडवून ठेवलेले. येणाऱ्यानं हातात घ्यावेत, नखानं टोकरावेत आणि मग बोलावं.

मुडबीच्या प्रमिलाअक्का दुकानात आल्या आणि आधी त्या घमेल्यापाशी थांबल्या. उंच बाई, पाच फूट सहा इंच तरी असतील. पांढरी सुती साडी, खांद्याला पिशवी, पायात साध्या चपला. प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. नोकरी सगळी भालकी तालुक्यातल्या शाळांत गेली, त्यामुळं मुडबीच्या असूनही त्यांना बाजार भालकीचाच ओळखीचा. लग्न केलं नव्हतं. आईवडील गेलेले. वडिलांचं घर आता त्या नीट करून घेत होत्या.

त्यांनी भुशाचा तुकडा पाण्यातून काढला, चिमटीत दाबला. त्याचा चिखल झाला. हात पदराला पुसत म्हणाल्या, "हे न्हाई."

मग मी त्यांना एकेक गोष्ट दाखवली आणि त्या मास्तरणीसारख्या ऐकत राहिल्या. कपाट भिंतीला टांगलेलं घ्यावं, कारण आपल्याकडं न्हाणी बादलीनं पाणी ओतून धुतात आणि जमिनीवरचं कपाट खालून कुजतं. बिजागरी स्टेनलेसची घ्यावी, लोहचुंबक लावून बघावा, आणि चिकटला तर पुन्हा विचारावं. बेसिन बोटाच्या पेरानं वाजवून बघावं, आवाज खणखणीत पाहिजे. काळं बेसिन फोटोत छान दिसतं, पण आपल्या बोअरच्या पाण्यानं आठ दिवसांत त्यावर चुन्याची नक्षी येते. कप्पा पुरता बाहेर ओढून बघावा, पाइपला जागा सोडलेली आहे का ते पाहावं.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "दोन बेसिनं पायजेत. एकाला एक लागून."

"घरी किती माणसं, अक्का?"

"मी एकटी."

दोन बेसिनांना पाच फूट लांबी लागते. एकट्या बाईला ती कशाला, हे मी विचारलंच. गिऱ्हाइकाला नको ते विकलं, हा डाग मला पुन्हा नको होता.

"अण्णा, मी दोन म्हनलं. तुम्ही येऊन माप घेऊन जावा." एवढं बोलून त्या बसला निघाल्या.

पुढच्या रविवारी मी मुडबीला गेलो. तीन खोल्यांचं घर, शहाबादी फरशी, अंगणात गवंड्यानं कालवलेली वाळू. न्हाणीची भिंत पाच फूट दोन इंच भरली. म्हणजे बसत होतं, जेमतेम. मी उंचीचं विचारलं. बेसिनची कड माणसाच्या कोपराच्या थोडी खाली यावी लागते. वर गेली तर पाणी कोपरावरून बाहीत शिरतं, फार खाली गेली तर रोज सकाळी कंबर वाकते. अक्कांच्या हिशोबानं चौतीस इंच येत होते.

"आणि दुसरं कुणासाठी?" मी विचारलं. "त्या माणसाची उंची सांगा."

त्यांनी चपला बाजूला काढल्या. मग भिंतीला पाठ लावून ताठ उभ्या राहिल्या, आणि उजव्या हाताचा पंजा आडवा करून आपल्या कानाच्या पाळीला लावला.

"तिचं डोकं इथपर्यंत यायचं. मोजा."

मी टेप सोडली. जमिनीपासून कानाच्या पाळीपर्यंत पाच फूट आणि अर्धा इंच. तेहतीस वर्षांत मी बरीच मापं घेतली. समोर नसलेल्या माणसाचं माप ते एकच.

ती त्यांची धाकटी बहीण उज्ज्वला. सहा वर्षांनी लहान. अंगणातल्या भिंतीला एका खिळ्यावर एकच आरसा असायचा आणि सकाळी शाळेच्या वेळी दोघींची त्याच्यापुढं ढकलाढकली. खिळा अक्कांच्या उंचीचा, म्हणून उज्ज्वला तेलाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर चढायची. अक्का मुद्दाम डब्याला पाय लावायच्या.

उज्ज्वला पुढं उदगीरला चित्रकलेची शिक्षिका झाली आणि तिनं आपल्या मनानं लग्न केलं. जातीबाहेर. अप्पांना, म्हणजे वडिलांना, लिहिता येत नव्हतं. त्यांनी अक्कांना बसवलं आणि पत्र सांगितलं. या घराचा उंबरा चढू नकोस, आम्ही तुला मेलेली समजतो.

"अप्पा सांगायलेत आणि मी लिहायलेय," अक्का म्हणाल्या. "शुद्धलेखनाची एक चूक केली न्हाई मी त्यात. अठ्ठावीस वर्षं झाली."

मी टेप गुंडाळत राहिलो. मग धंद्याचंच बोललो. "अक्का, दगडी पट्टी एकच. दोन उंच्या जमत न्हाईत. मधली तेहतीस घेऊ का?"

"एकतीस घ्या," त्या म्हणाल्या. "तिच्या मापाची. मला वाकाया येतं."

हैदराबादहून मागवलेलं तयार कपाट आलं तेव्हा मी खोका दुकानातच फोडला. पुढची दारं प्लायवूडची, पाठीला भुशाचा बोर्ड. पाठ भिंतीकडं जाते, कुणाला दिसत नाही, आणि ओल आधी तिथंच येते. मी ते परत धाडलं आणि इस्माईलचाचांकडं गेलो. चाचा भालकीतले जुने सुतार. माप बघून म्हणाले, "पानी का काम है ना अण्णा, पीछे से भी सच्चा होना." त्यांनी पाण्यात टिकणारं प्लायवूड आणलं, प्रत्येक कड आधी बंद केली, मगच जोडलं. राहिला फक्त रंग, म्हणजे वरून चिकटवायचा पातळ रंगीत थर, ज्याला लॅमिनेट म्हणतात.

अक्कांना मी शंभर तुकडे दाखवले. त्यांनी तीन काढले. पांढरा, लाकडी आणि कोवळ्या ज्वारीच्या पानासारखा हिरवा. तासभर तिन्ही पुढं मांडून बसल्या आणि शेवटी म्हणाल्या, "मला रंगातलं कळत न्हाई. तिला कळतं. अण्णा, तुम्ही उदगीरला माल आणाया जाताव न्हवं?"

जात होतो. महिन्यातून एकदा.

"मग हे तीन तिला दाखवा. कुठला, ते विचारा. दुसरं काई बोलू नका."

माझ्या नोकरचाकरांच्या, पाहुण्यारावळ्यांच्या भांडणात मी कधी पडलो नाही. तरी ते तीन तुकडे मी खिशात घातले. का घातले, ते नीट सांगता येत नाही. चिटगुप्प्याच्या माणसापुढं मी गप्प राहिलो होतो. इथं मला काही बोलायचंच नव्हतं, नुसतं जायचं होतं. तेवढं तरी जमावं.

उदगीरला शाळेपाशी विचारत विचारत घर सापडलं. दार एका बाईनं उघडलं. केस निम्मे पांढरे, बोटांना रंग लागलेला. माझ्या डोळ्यांना लागलेली सवय अशी की मी आधी तिची उंची बघितली. पाच फूट, फार तर वर अर्धा इंच. आमचे एकतीस इंच बरोबर होते.

माझ्या हातातले तुकडे बघून ती म्हणाली, "आम्हाला काही घ्यायचं नाहीये, काका."

"विकाया न्हाई आलो, ताई. मुडबीच्या प्रमिलाअक्कांनी पाठवलंय. न्हाणीतल्या कपाटाला रंग निवडायचाय. तुम्हाला विचारा म्हणाल्या."

ती दाराला धरून उभी राहिली. मग तिथंच उंबऱ्यावर बसली. मी बाहेर उभा, ती आत तोंड करून बसलेली. बऱ्याच वेळानं तिनं हात मागं केला. मागं दुकानाचा शिक्का असलेले ते तुकडे मी तिच्या हातात दिले.

"कसलं कपाट?"

"बेसिनखालचं. दोन बेसिनं हायत. उंची एकतीस इंच."

"तिला एकतीस कशी पुरंल? ती तर ताडासारखी हाय." हे बोलताना तिची शाळेतली मराठी गळून पडली आणि मुडबीची बोली आली. आणि मग तिचं तिलाच कळलं की एकतीस कामून. तिनं तोंडाला पदर लावला.

मी जायला वळलो, तेव्हा ती म्हणाली, "अप्पाचं बोलणं मी सोसलं असतं, काका. त्यांचा स्वभावच तसा होता. पण पाकीट आलं तेव्हा वर तिचं अक्षर बघून मला इतका आनंद झाला. मला वाटलं, अक्का यायलीय मला भेटाया. मी हसत हसत फोडलं ते."

तिनं रंग सांगितला नाही. तुकडे परतही दिले नाहीत.

मी हे जसंच्या तसं अक्कांना सांगितलं. हसत हसत फोडलं, हेसुद्धा. लपवावं असं वाटलं होतं, पण माझ्या धंद्यात पाठीचा बोर्ड लपवल्याचं काय होतं ते मी बघितलेलं. अक्का खुर्चीत बसून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बरोबर हाय तिचं." पाणी मागितलं, प्याल्या आणि बस गाठायला गेल्या.

तीन आठवडे इस्माईलचाचांच्या कारखान्यात ते कपाट उघड्या लाकडाचं पडून राहिलं. चाचा रोज विचारायचे आणि मी रोज थांबा म्हणायचो. मग दुकानात टपालानं एक जाड पाकीट आलं. माझ्या दुकानाचं नाव, आत चिठ्ठी नाही. फक्त एक तुकडा. ज्वारीच्या पानाचा हिरवा. मागच्या बाजूला पेन्सिलीनं दोन ओळी होत्या: 'मुठी पितळी नकोत. डाग पडतात.'

अक्का दुसऱ्या दिवशी आल्या. त्यांनी तुकडा उलटा करून त्या ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. मुठींबद्दलची एवढी बारकाईनं वाचलेली सूचना मी दुसरी बघितली नाही.

"अजून 'ड' तसाच काढती," त्या म्हणाल्या. "मीच गिरवून घेतला होता."

मुठी स्टीलच्या लावल्या. कपाट भिंतीला चढलं, वर शहाबादच्या बाजूचा करडा दगड, त्यात दोन पांढरी बेसिनं, दोन नळ, दोन आरसे. उजवा आरसा उंचावर, डावा पाच इंच खाली. गवंडी मला म्हणाला, अण्णा, आरसे वाकडे लागलेत. मी म्हणालो, बरोबर लागलेत.

असं काम झाल्यावर माणूस फोन करून बोलावतो, अशी माझी समजूत. अक्कांनी बोलावलं नाही. महिना गेला, तीन महिने गेले. कधी त्या बाजूला गेलो तर मी बिजागऱ्या बघायच्या निमित्तानं डोकवायचो. उजव्या बेसिनवर दंतमंजन, साबण, पाण्याचे शिंतोडे. डावं कोरडं ठणठणीत, रोज पुसलेलं. बाजूच्या खिळ्याला घडी न मोडलेला टॉवेल.

"तिनं रंग दिलाय अक्का," मी एकदा न राहवून म्हणालो. "आता तुम्ही बोलवाया पायजे."

"काय बोलवू? पत्रानं? पत्रानं तर तोडलं."

पुढं एका दुपारी त्या दुकानात आल्या. काही घ्यायचं नव्हतं. उदगीरच्या बसमधून उतरल्या होत्या. मी एकदम उठलो, तर हातानंच मला बसवलं.

"स्टँडवर उतरले. एक च्या घेतला. तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. माघारी आले."

"मी येऊ का संगं, पुढच्या खेपेला?"

"नको. सांगणारे अप्पा, पण लिहिणारा हात कुणाचा? माझा एकटीचाच न्हवं."

त्यानंतर माझे गुडघे गेले आणि मी दुकान सोडलं. मुडबीला जाणं थांबलं. इस्माईलचाचा वारले. त्यांच्या हातचं ते शेवटचं मोठं काम असावं असं मला वाटतं, खात्री नाही. घरी बसल्यावर माणसाला जुनी गिऱ्हाइकं आठवतात. कुणाकडं काय लावलं, ते टिकलं का, हे कोण सांगणार? विकलेली वस्तू चांगली निघाली की माणूस परत येत नाही. आमचा धंदा तसा विचित्र. बातमी फक्त बिघाडाची येते. मला कधी कधी वाटायचं, अक्कांच्या घरात काहीतरी बिघडावं.

या श्रावणात एका सकाळी फोन वाजला.

"अण्णा, मी प्रमिला बोलायलेय मुडबीहून. नळाला पानी बारीक यायलंय."

मला वाईट वाटलं. नळ चांगला दिला होता. "कुठल्या नळाला, अक्का?"

"डाव्या."

डावा नळ बसवल्या दिवशी मी स्वतः चालू करून बघितला होता. पाण्याची धार मनगटाएवढी होती. नळाच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते. नळ बरेच दिवस बंद राहिला की बोअरच्या पाण्यातला चुना तिच्यात घट्ट बसतो. पण नळ कुणी उघडत नसेल तर पाणी बारीक येतंय हे कळायचं कसं?

हे माझ्या ध्यानात यायला एक क्षण लागला. मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कोण वापरायलंय तो नळ?" मी विचारलं.

अक्का उत्तर द्यायच्या आत पाठीमागून आवाज आला, "विचार की, कसा उघडायचा ते. सारखं काय बोलायलीस!"

मी सांगितलं. नळाच्या तोंडाला कापड गुंडाळा, हातानं डावीकडं फिरवा, जाळी निघंल, ती लिंबाच्या पाण्यात ठेवा. अक्का माझं एकेक वाक्य पुढं सांगत होत्या.

"डावीकडं फिरव म्हणायलेत."

"मी डावीकडंच फिरवायलेय."

"ती उजवी हाय."

"तू हात काढ आधी. मला दिसंना, आरशात तूच हायस सगळी."

"तुझा आरसा खाली हाय. माझ्यात कामून बघायलीस?"

मग काहीतरी निसटल्याचा आवाज झाला, पाणी जोरात सुटलं आणि दोघींपैकी कुणीतरी किंचाळलं. बहुतेक दोघीही. कुणाच्या तरी अंगावर उडालं असणार. नंतर हसण्याचा आवाज आला, मग तो थांबला, आणि नुसतं पाणी वाहत राहिलं. नळ कुणी बंद करीना.

फोन तिथंच कुठंतरी दगडी पट्टीवर ठेवलेला असावा. बंद करायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. मीही केला नाही.